श्रेय कुणाचं? मेंटेन यांच्यावरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

जर्मन रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ कार्ल मेंटेन यांच्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चार दिवस उघडतोय आणि बंद करतोय. पहिल्या दिवशी राग आला होता, हे कबूल करतो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अवकाशातल्या मिथेनॉल या अल्कोहोलवरच्या लेखाला 'आकाशातली हातभट्टी' हे शीर्षक थिल्लर आहे. मेंटेन यांनी मेसर (रेणूंमधून लेसरसारख्या वाढून येणाऱ्या रेडिओलहरी) शोधले हे साफ चूक, मेसर १९६५ पासून माहीत आहेत. उपकरणं तंत्रज्ञ बांधतात आणि मी सगळं श्रेय एका संचालकाच्या पदरात टाकून मोकळा झालो. शिवाय नारायणगावजवळची खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उशाशी असताना जर्मन माणसाच्या आरत्या कशाला?

पहिले दोन आक्षेप मान्य. मालाडच्या मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसं ज्या विषानं गेली ते हेच मिथेनॉल, ही तुमची ओळ वाचून ओशाळलो. शीर्षक त्याच रात्री बदललं. मेसरचं वाक्यही ढिसाळ होतं. खुद्द मिथेनॉलचे मेसरसुद्धा आधीच सापडले होते. १२.२ गिगाहर्ट्झवरचे १९८७ साली सापडले आणि त्या निबंधाच्या लेखकांत मेंटेन होते. १९९१ साली अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या ४३ मीटर दुर्बिणीतून मेंटेन यांनी जी रेषा, म्हणजे रेणूची ठरावीक लहर, पकडली ती ६.७ गिगाहर्ट्झची. आपल्या आकाशगंगेत पाण्याच्या मेसरखालोखाल तीच प्रखर. आणि ती भेटते फक्त जड तारे जन्मत असतात तिथे. बर्फाळ धूलिकणांवर तयार झालेलं मिथेनॉल नव्या ताऱ्याच्या उष्णतेनं सुटं होतं आणि तापलेल्या धुळीच्या अवरक्त प्रकाशावर हा मेसर चालतो. म्हणजे ही रेषा दिसली की समजायचं, आत कुणीतरी मोठं जन्माला येतंय.

तिसऱ्या आक्षेपावर मात्र थोडं भांडणार आहे. तुम्ही लिहिलंत, "शास्त्रज्ञ फक्त मागणी करतो, सोल्डरिंग आम्ही करतो." तीस वर्षं उपकरणशाळेत काढलेल्या माणसाला हे म्हणायचा हक्क आहे. पण 'फक्त मागणी' या शब्दांपाशी अडलो. मिथेनॉलच्या रेणूचा वर्णपट प्रयोगशाळांत मोजलेला होता. अडचण वेगळीच होती: ६.७ गिगाहर्ट्झवर ऐकणारा रिसीव्हरच फारशा दुर्बिणींवर नव्हता. तिथे ऐकण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं, मग रिसीव्हर कोण बसवणार? शोध लागल्यावर जगभर ते बसायला लागले. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर डिशवर तर पुढे सात तोंडांचा रिसीव्हर मुख्यतः याच रेषेसाठी चढला. कुठल्या तरंगलांबीवर कान लावायचा हे ठरवणं ही मागणी नव्हे सर, तो उपकरणाचा पहिला भाग आहे.

आता जड ताऱ्यांचंच बघा. सूर्यासारखा तारा आधी गोळा होतो, मग सावकाश पेटतो. सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याला तेवढा धीर नसतो. वरून वायू कोसळत असतानाच त्याच्या पोटात हायड्रोजन जळायला लागतो. हे सगळं दाट धुळीच्या आत, बहुतेक वेळा हजारो प्रकाशवर्षं दूर. साध्या प्रकाशात काही दिसत नाही. पण ती धूळ स्वतः किंचित ऊब देते आणि ती ऊब मिलिमीटरच्या आसपासच्या लहरींत पकडता येते. त्यात हवेतली वाफ आड येते. म्हणून मेंटेन बॉनच्या रेडिओ-खगोलशास्त्राच्या माक्स प्लांक संस्थेत संचालक झाल्यावर चिलीतल्या चाहनान्तोरला, ५,१०० मीटर उंचीवर, १२ मीटरची अपेक्स दुर्बीण २००५ साली उभी राहिली. तिच्यावरचा लाबोका कॅमेरा म्हणजे २९५ इवलेसे तापमापक, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम ०.३ अंशावर थंड ठेवलेले. धुळीची ऊब पडली की ते नावाला गरम होतात; मोजायचं ते तेवढंच.

हे तापमापक काही मेंटेन यांनी हातानं केले नाहीत. बॉनमधल्या बोलोमीटर (म्हणजे असेच तापमापक) गटाचे प्रमुख एर्न्स्ट क्रायसा होते आणि अपेक्स उभी करण्याच्या कामाची सूत्रं रॉल्फ गुस्टेन यांच्याकडे होती. ही दोन नावं मूळ लेखात नव्हती, हा माझा आळस. आता घातलीत. त्यांच्या हाताखालच्यांची नावं मलाही सांगता येणार नाहीत. तिथे तुमचा मुद्दा तसाच उभा राहतो.

मिथेनॉल मेसरचा दुसरा उपयोग लेखात एका ओळीत उरकला होता. तो खरं तर माझ्या सगळ्यात आवडीचा. डब्ल्यू३ओएच नावाची एक ताऱ्यांची पाळणाघरवजा जागा आहे. तिचं अंतर आकाशगंगेतल्या तिच्या फिरण्याच्या वेगावरून काढलं की साधारण १४,००० प्रकाशवर्षं यायचं. जवळच्या ताऱ्यांच्या तेजावरून काढलं की त्याच्या निम्मं. अंतर दुपटीनं चुकलं की तेजाचा हिशेब चौपटीनं चुकतो, मग ताऱ्याच्या वजनाचं तरी काय खरं? २००६ साली शू, रीड, झेंग आणि मेंटेन यांनी तिथल्या १२.२ गिगाहर्ट्झच्या मिथेनॉल मेसरचे ठिपके हवाईपासून कॅरिबियनपर्यंत पसरलेल्या दहा अँटेनांनी वर्षभर टिपले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसे ते ठिपके किंचित डुलतात. किती? दहा हजार किलोमीटरवरचं रुपयाचं नाणं दिसेल साधारण तेवढे. उत्तर आलं ६,४०० प्रकाशवर्षांच्या आसपास. वेगावरून काढणाऱ्यांचा हिशेब आडवा झाला.

राहता राहिलं खोडद. एका विज्ञानदिनाला नारायणगावाहून तिथे गेलो होतो. मोबाइल बंद करून ४५ मीटरच्या डिशखाली उभा राहिलो आणि वर पाहिलं तर आरपार निळं आकाश. पत्रा नाहीच, पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी, एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांची. शेजारच्या पोरानं विचारलं, "बाबा, पाऊस यातून गळत असेल ना?" पाऊस गळतो, वाराही जातो, म्हणूनच डिश हलकी आणि स्वस्त झाली. ही जीएमआरटी उभी करणाऱ्या गोविंद स्वरूप यांची अक्कल. २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी सलग आरशासारखीच. पण ६.७ गिगाहर्ट्झची लहर साडेचार सेंटिमीटरची, आणि खोडदचे रिसीव्हर १,४५० मेगाहर्ट्झपाशी थांबतात. त्यामुळे मेंटेन यांची रेषा तिथून ऐकू येणार नाही. जड ताऱ्यांभोवतीचा तापून आयनित झालेला वायू मात्र छान दिसतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) लोकांनी हैदराबादहून बलूनला बांधून सोडलेल्या एक मीटरच्या अवरक्त दुर्बिणीची निरीक्षणं खोडदच्या नकाशांशी जोडून अशा जागांचा अभ्यास केलाय. त्यावर लिहायला हवं होतं, हे खरं.

स्वरूप यांच्यावर लिहीनच. पण मेंटेन ३० डिसेंबर २०२४ ला गेले आणि मराठीत त्यांच्यावर दोन ओळी माझ्या पाहण्यात आल्या नाहीत, म्हणून आधी ते.

जाता जाता: द्रव हेलियम भरताना नळीवर हवा गोठून पांढरी दाढी लोंबते आणि नवखा माणूस घाबरून व्हॉल्व्ह सोडून पळतो, असं तुम्ही लिहिलंत. तो नवखा कोण होता? पूर्ण किस्सा पाठवा, तुमच्याच शब्दांत इथे छापतो.