कारखान्यातलं उलटं गाऱ्हाणं

मार्चमध्ये काजूबीची पहिली गाडी उतरली की आमच्या कारखान्यात नारळ ठेवतात. वाडीतले एक आजोबा येतात आणि रवळनाथाला गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या धंद्यात बरकत येवंदे, काय वाकडा-नाकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा..." प्रत्येक वाक्यामागून आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

सिंधुदुर्गाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. देवासमोर उभं राहून काय बिनसलंय ते मोठ्याने, चारचौघांत सांगायचं असतं. देव ऐकतो. निदान मध्येच तोडून "तुम्ही तुमचं काम बघा" असं तरी म्हणत नाही.

हे वाक्य माझं आहे. ते मी कधी बोललो हे मला आठवत नाही. जिला बोललो तिला मात्र लख्ख आठवतं.

२०१४ साली मुंबईची नोकरी सोडून वेंगुर्ले तालुक्यात गावी आलो आणि काजूचं छोटं युनिट टाकलं. एक बॉयलर, बी वाफवायचा कुकर, हातापायाने चालवायची फोडणीची यंत्रं, एक ड्रायर, सोलणीला आणि निवडायला बायका. हंगामात चौदा माणसं, एरवी नऊ. आमच्या धंद्यात कच्चा माल मिळतो जेमतेम तीन महिने आणि कारखाना चालवायचा वर्षभर. म्हणजे मार्च ते मे बँकेचं सीसी खातं (धंद्यासाठी लागेल तशी उचल घ्यायचं कर्जखातं) तळापर्यंत खरवडून गोण्या भरून ठेवायच्या. चार किलो बीतून गर निघतो किलोच्या आसपास. तोही अख्खा निघाला तर भाव. पाकळी झाली, म्हणजे गर दुभंगला, की कमी, तुकडा झाला की आणखी कमी, करपला की विचारूच नका. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर बसतात असा माल. त्यातला एकेक गर चार-पाच हातांखालून गेलेला असतो. एवढ्या हातांच्या जिवावर धंदा करणाऱ्या माणसाने तोंड सांभाळायला हवं, हे मला कळायला सात वर्षं लागली.

२०१८ मध्ये ड्रायरवरच्या एका मुलीने येऊन सांगितलं, "भाऊ, ट्रे काढायचे राहिले, माल लागला." स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. मी सगळ्यांसमोर तिला अर्धा तास झापलं, वर पगारातून कापीन म्हणालो. (कापले नाहीत. पण म्हणालो तर खराच.) दुसऱ्या दिवशी ती आली, मान खाली घालून काम केलं. दोन महिन्यांनी "शेताची कामा आसत" म्हणाली आणि परत आली नाही. आमच्याकडचा माणूस दुखावला की राजीनामा देत नाही, त्याला शेताची कामं निघतात.

त्यानंतरचं वर्ष माझ्या मते कारखान्याचं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. एक तक्रार नाही, एक ट्रे करपला नाही, काटा बरोबर, मशीन बरोबर. मी मित्रांना सांगत सुटलो की शिस्त लावावी लागते बाबा. त्याच सुमारास मुंबईच्या एका व्यापाऱ्याने अख्खी खेप परत पाठवली. डबे उघडले तर वर पांढरा माल आणि मध्ये करपलेले गर पेरलेले. ट्रे करपायचे थांबलेच नव्हते. माझ्यापर्यंत यायचे थांबले होते.

पुढे याच विषयावर एक गोष्ट वाचनात आली. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास केला. औषधं देताना होणाऱ्या चुका कुठे जास्त होतात, हा प्रश्न होता. अपेक्षा अशी की चांगल्या टीमकडे चुका कमी असतील. निघालं उलटंच, जिथे प्रमुख चांगला त्या वॉर्डात चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर अंदाज बांधला तो असा, की तिथली माणसं चुका जास्त करत नसावीत, झालेल्या चुका बोलून दाखवत असावीत. हे वाचलं तेव्हा मला माझं ते 'सगळ्यात चांगलं वर्ष' आठवलं आणि एकट्यालाच हसू आलं.

पण वाचून शहाणा झालो असं अजिबात नाही. शहाणपण आलं ते तौक्ते चक्रीवादळाने.

१६ मे २०२१, रविवार. राज्यात कोविडचे निर्बंध होते, कारखान्यात माणसं मोजकीच येत होती, त्या दिवशी तर कोणीच नव्हतं. वारा रात्रीपासून सुटला होता. आमच्या घरामागचा फणस पडला, वीज गेली ती पुढे कित्येक दिवस आलीच नाही. दुपारी वाट काढत कारखान्यावर पोचलो तर गोदामाच्या एका कोपऱ्यातला पत्रा उचकटलेला आणि खाली धार लागलेली. चाळीस गोण्या भिजल्या. ऐंशी किलोची गोणी. तेव्हाच्या खरेदीने साडेतीन लाखांची बी. वाळवायला ऊन नाही आणि ड्रायरला वीज नाही. निम्मी कशीबशी वाचवली, बाकीच्या बीत गर काळा पडला.

वादळाला दोष देऊन मोकळा झालो होतो. आठवड्याने सोलणीवरच्या काकी आल्या, गोदामात गेल्या आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात जाऊन बसल्या. म्हणाल्या, तो पत्रा आदल्या पावसापासून गळत होता. हूक सैल झाला होता. त्या रोज संध्याकाळी घरी जाताना तिथल्या गोण्या एकटीने ओढून आत सरकवायच्या आणि खाली बादली ठेवायच्या. ऐंशी किलोच्या गोण्या, साठीच्या बाईने. निर्बंधांमुळे त्यांचं येणं बंद झालं आणि नवीन माल आला तो मी त्याच कोपऱ्यात रचला.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगला असता तर तुमी माझ्यारच वरडला असतास."

मग काट्याची गोष्ट निघाली. कधीतरी त्यांनी मला सांगितलं होतं की वजनकाटा चुकतोय, आणि मी म्हणालो होतो, तुम्ही तुमचं काम बघा. त्या दिवसापासून त्या त्यांचं काम बघत होत्या. पत्र्यावाल्याला बोलावलं असतं तर पाचशे रुपयांत हूक बसला असता.

आता यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग. त्या नुकसानीनंतर मी स्वतः काय केलं? बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे गोदामात किती माल आहे त्याचा हिशेब, द्यायचं टाळलं. साहेबांचा फोन आला की गाडी चालवतोय म्हणायचं. व्याज थकत गेलं. नव्वद दिवस खातं थकलं की ते एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं, हे मला माहीत होतं, तरी रोज उद्यावर ढकलत होतो. खरं तर रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ लाच कोविडमुळे अडचणीत आलेल्या छोट्या उद्योगांची कर्जं नव्याने बांधून द्यायची सवलत जाहीर केली होती, मुदत ३० सप्टेंबरपर्यंत. मी बँकेची पायरी चढलो ऑगस्ट सरता सरता. मॅनेजर म्हणाले, "जूनमध्ये का नाही आलात?" आणि माझ्या तोंडून निघालं, "वाटलं तुम्ही ओरडाल."

त्या खुर्चीत बसून मला काकींची बादली दिसली.

हप्ते बांधून मिळाले. पुढची दोन वर्षं नुसती फेडण्यात गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

सुधारायचं ठरवलं, पण पहिले दोन प्रयोग फसले. पहिला, तक्रारपेटी. महिनाभराने कुलूप उघडलं तर एकच चिठ्ठी, "पंखो लावा." (लावला.) दुसरा प्रयोग त्याहून वाईट. बिघाड दाखवून देणाऱ्याला शंभर रुपये बक्षीस ठेवलं. आठ दिवसांत बायका स्वतःच्या सोडून एकमेकींच्या चुका सांगायला लागल्या, आणि जेवायला एकत्र बसणाऱ्या दोघी वेगळ्या बसायला लागल्या. बक्षीस गुपचूप बंद केलं.

चाललं ते फार साधं निघालं. शनिवारी चहाच्या वेळी मी माझीच आठवड्यातली चूक सांगायला लागलो. पहिल्या शनिवारी सांगितलं की एका ठिकाणी घाईघाईत, किलोभर बी फोडून न बघताच माल उचलला आणि त्यात निम्मी बी पोचट निघाली. बायका आधी गप्प. मग एक हळूच म्हणाली, "भाऊ, आमी गोण उचलल्यावरच वळाखलेला, हलकी लागा होती." आणि सगळ्या जणी हसल्या. मालकाला हसायला मिळालं की माणूस मोकळा होतो. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी फोडणीवरच्या एकीने सांगितलं की पात्याची धार गेलीय म्हणून पाकळी जास्त पडतेय. धार लावली, त्याच आठवड्यात अख्खा माल वाढला. माझं सात वर्षांचं काजूचं 'ज्ञान' या एका वाक्यापुढे पाणी भरत होतं.

दुसरं, वाईट बातमी आली की तोंडातून पहिलं वाक्य एकच निघायला हवं, "बरं झालं सांगितलंस." दात-ओठ खात का होईना. मग उठून जाऊन बघायचं. जाग्यावर पोचेपर्यंत निम्मा राग उतरतो; आमचा ड्रायर ऑफिसपासून चाळीस पावलांवर आहे, त्याचा हा फायदा. अजूनही कधी कधी सुटतं तोंड. गाडीवाल्यांशी तर मी अजिबात सुधारलेलो नाही, ते मान्य आहे.

यावर माझे धंदेवाले मित्र म्हणतात, असं केलंस तर माणसं डोक्यावर बसतील. मी त्यांना टोयोटाचं सांगतो. त्यांच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून मदत मागता येते, आणि वेळेत दोष निस्तरला नाही तर चालू लाइन थांबते. जगातली एवढी मोठी कंपनी त्या दोरीने बुडालेली नाही. आणि चूक वेगळी, बेपर्वाई वेगळी, एवढं तर मलाही कळतं. एक जण बॉयलरवर पिऊन आला. त्याला त्याच दिवशी हिशेब देऊन घरी पाठवला, दुसरी संधी दिली नाही. तेव्हा कोणी नाराज झालं नाही. उलट बायकांनी त्या दिवशी चहा जरा जास्त गोड केला होता असं मला वाटतं.

आणि हो, मीही ती दोन दिवसांची 'लीडरशिप' शिबिरं केलीत. एसी हॉल, ब्लेझर घातलेले सर, मोठ्याने टाळ्या. तिथे गरुडाची गोष्ट हमखास असते, चाळिशीत तो डोंगरावर जाऊन चोच आपटून मोडतो, नवी उगवते, आणि पुढे तीस वर्षं जगतो. अहो, असं काही नसतं. चोच मोडलेला गरुड उपाशी मरेल. आमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आहे, तो बिचारा रोज सकाळी मासा पकडायच्या कामाला लागतो. त्यापेक्षा बंदरावरचा बावटा बघा म्हणतो मी. वादळाचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला की कोणी बावटा लावणाऱ्याच्या अंगावर धावून जातं का? होड्या वर ओढतात, जाळी आवरतात.

माझ्या कारखान्यात बावटा लावायचा असेल तर तो पगार घेणाऱ्या माणसालाच लावावा लागतो, आणि पगार देणारा समोर उभा असतो. हे किती अवघड आहे ते मुंबईत नोकरी करताना मला माहीत होतं. साहेबाच्या केबिनबाहेर पाच मिनिटं थांबून, त्याचा मूड कसा आहे ते शिपायाला विचारून मगच आत जाणारा मीच तो. मालक झालो आणि सोयीस्कर विसरलो.

यंदाचं गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. सगळ्या उठल्या तरी काकी तिथेच. म्हटलं, काय? म्हणाल्या, नवीन ड्रायरचे वरचे दोन ट्रे सारखे तापत नाहीत, देवाला सांगून उपयोग नाही, मिस्त्रीला सांगा.

ही पोस्ट अर्धी लिहून झाली असताना व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. गोणीचा फोटो, बुडाशी पांढरी जाळी धरलेली. खाली काकींच्या नातवाने टाइप केलेलं, "भाऊ, हेच्यात कीड पडली हा. वरडू नकात, आदी येवन बगा."

जाऊन येतो.