मिटिलिनीचं दुसरं जहाज

संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे.

गेली दोन वर्षं मी अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धावर पटावरचा खेळ तयार करतेय, हे तुम्हाला माहीतच आहे. इ.स.पू. ४३१ ते ४०४, षटकोनी घरांचा नकाशा, चार खेळाडू. आज घरी पाचवी चाचणी झाली. सोंगट्या आवरताना आमच्यातला सगळ्यात मुरलेला खेळाडू म्हणाला, "बाकी झकास. फक्त ती नागरिकांची सभा काढून टाक. आणि दुसरं जहाज तर काढच. त्याचे गुण मिळत नाहीत, कोण कशाला वापरेल?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चहा गाळत होते, तेव्हा गप्प बसले.

कोण वापरेल? माझ्या भाचीनं वापरलं. तसा नियमच नव्हता, तेव्हा.

दिवाळीच्या सुट्टीत आली होती. आठवीत आहे. अथेन्स तिच्याकडे होतं. मिटिलिनी हे लेस्बॉस बेटावरचं शहर, अथेन्सचं दोस्त, पण इ.स.पू. ४२८ मध्ये उलटलं आणि पुढच्या वर्षी शरण आलं. तिथे पत्ता उचलावा लागतो: सगळ्या पुरुषांना ठार मारायचं, की फक्त म्होरक्यांना? पहिल्याला गुण जास्त, कारण बाकीची शहरं घाबरून खंडणी वेळेवर देतात. तिनं बोटांवर हिशेब केला, पहिला पर्याय घेतला आणि जहाजाची सोंगटी अथेन्सच्या पिरेअस बंदरातून पुढे सरकवली. दमलो होतो, पट तसाच ठेवून झोपलो.

रात्री साडेअकराला उशी काखोटीला मारून दारात उभी. "मावशी, ते जहाज पोचलं का?"

मी म्हटलं, अजून नाही, दोन फेऱ्या लागतात.

"मग मागून दुसरं पाठवता येईल?"

तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. आणि अथेन्समध्ये नेमकं हेच झालं होतं हो! क्लेऑन नावाच्या पुढाऱ्याच्या म्हणण्यावरून नागरिकांच्या सभेनं कत्तलीचा ठराव केला, जहाज निघालं, आणि दुसऱ्या दिवशी लोकांना ते खुपायला लागलं. सभा परत भरली. डायोडोटस उलट बाजूनं बोलला. हात वर झाले ते जवळजवळ बरोबरीत, निसटत्या मतांनी ठराव फिरला. दुसरं जहाज सुटलं तेव्हा पहिलं सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होतं. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच जवाचं पीठ दारूत आणि तेलात कालवून खाल्लं, झोपले ते आळीपाळीनं. पहिलं जहाज मात्र रेंगाळत गेलं, असल्या कामाला घाई कुणाला असणार? दुसरं पोचलं तेव्हा सेनापती पॅकीजनं हुकूम नुकताच वाचला होता. अंमल व्हायचा होता.

आम्ही दोघी रात्री दीडपर्यंत जमिनीवर बसून तो नियम लिहीत होतो. पहिलं जहाज फेरीला तीन घरं जातं, दुसरं चार, पण एक फेरी उशिरा निघतं. रात्री वल्हवायचं तर एक टॅलंट (तेव्हाचं पैशाचं मोठं माप) जास्तीचा. दुसऱ्या जहाजाच्या सोंगटीवर तिनं निळ्या स्केचपेननं छोटीशी वाटी काढली, पिठाची. आज तीच सोंगटी "काढच" म्हणाले.

मला राग नियम काढायला सांगितल्याचा नाही. आधीच्या चार चाचण्यांत मी अकरा नियम काढलेत. राग आहे तो प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंना समसमान असलीच पाहिजे, या हट्टाचा. अथेन्सला प्लेग होतो तर स्पार्टालाही काहीतरी रोग द्या म्हणे! का द्यायचा? प्लेग आभाळातून पडला नाही. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस, त्यानं ठरवलं की जमिनीवर स्पार्टाशी लढायचं नाही, गावाकडच्या सगळ्यांना तटबंदीच्या आत घ्यायचं आणि आरमारावर युद्ध काढायचं. शहाणा बेत होता. पण माणसं कोंबली गेली, ४३० मध्ये साथ आली आणि पुढच्या वर्षी पेरिक्लिसच गेला. माझ्या पटावर तटाच्या आत जितक्या सोंगट्या जास्त, तितके फासे जास्त. तुमच्याच चालीचं फळ आहे ते.

आणि स्पार्टाला काही सोसावं लागत नाही, हे कुणी सांगितलं? त्यांची माणसं मोजकी, मेलेली सोंगटी परत येत नाही. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर त्यांच्या बाजूचे २९२ जण अथेन्सच्या हाती जिवंत सापडले, त्यातले खरे स्पार्टन १२० च्या आसपास. तेवढ्यांसाठी अख्खी स्पार्टा तहाला तयार झाली. घरी हेलॉट गुलाम कधी उठतील याची धास्ती, म्हणून फार दिवस बाहेर राहता येत नाही. अथेन्सची गोष्ट पैशाची. एका ट्रायरीमवर, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धजहाजावर, दोनशे माणसं, माणशी रोज एक द्राख्मा (तिथलं चांदीचं नाणं) धरला तर महिन्याला ६००० द्राख्मा, म्हणजे बरोबर एक टॅलंट. सुरुवातीला खजिन्यात ६००० टॅलंट होते, वर्षाला ६०० येत होते. शंभर जहाजं सहा महिने समुद्रात ठेवून बघा, वर्षाची मिळकत संपली. म्हणून ती खंडणी, म्हणून ती जरब, म्हणून मिटिलिनी. दोन बाजूंची दुखणीच वेगळी आहेत. ती सारखी केली तर उरतं काय? निळ्या आणि लाल सोंगट्या.

सभेमुळे खेळ रेंगाळतो हे खरं आहे. आज साडेचार तास लागले, कबूल. डायोडोटस दयेबद्दल बोललाच नाही, मारण्यात अथेन्सचा फायदा नाही एवढंच म्हणाला, हेही कबूल. आणि जहाज पोचूनही हजारावर लोकांना मारलंच, त्या युद्धाचा इतिहास लिहिणारा थुसिडिडीज तोच आकडा देतो. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण बाकीचे वाचले ना?"

लिहिता लिहिता राग उतरलाय. खरं काय लागलं ते आता कळतंय.

अकरा वर्षांनी, ४१६ मध्ये, त्याच अथेन्सनं मेलॉस हे बेट घेतलं. हाती लागलेले प्रौढ पुरुष मारले, बायकामुलं विकली. तेव्हा सभा परत भरली नाही, दुसरं जहाज निघालं नाही. भाचीनं विचारलं होतं, "मेलॉसला का नाही पाठवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मेलॉसलाही दुसऱ्या जहाजाची वाट मी नकाशावर पेन्सिलीनं आखून ठेवलीय. नियमात बसते ती. सभा बोलवा, टॅलंट भरा, पाठवा. आज खेळ मेलॉसपर्यंत आला, ठराव झाला, चौघे पटाभोवती बसलेले होते आणि ती वाटीवाली सोंगटी अथेन्सवाल्याच्या कोपराला लागून पडली होती. एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही. फासे टाकले आणि पुढे सिसिलीतल्या सिराक्यूजच्या मोहिमेला निघाले.

सभा राहील. जहाजही राहील. वेळ कमी करायला खंडणीचे पत्ते निम्मे करते, ते मला पटलंय.

पुढच्या शनिवारी सहावी चाचणी आहे, भाची येणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी चारच्या आत या. अथेन्स तिच्याकडे असेल.