‘घुटमळला’ म्हणजे परत आला नव्हे

प्रिय ‘एक वाचक, मिनेसोटा’ यांस,

तळघरात नवा फर्नेस (म्हणजे घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी) बसवल्याच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळा होणार होतो, पण रात्री झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांना शोधाशोध नको म्हणून आपले शब्द आधी जसेच्या तसे देतो:

‘काका, पुण्यात शेगडीची नळी बदलली म्हणून मिशिगनमध्ये फर्नेस बसवता येतो असं नाही. हा लेख काढून टाका, कुणाचा तरी जीव जाईल. पाइपचा उतार उलटा लिहिलाय. वॉटर हीटर जुन्या चिमणीत एकटा सोडलाय, आणि धूर घुटमळला असं स्वतःच लिहून पुढे गेलात. अलार्म फक्त तळघरात, झोपता वरच्या मजल्यावर.’

प्रथम ‘काका’. माझं वय एक्कावन्न. आपलं किती ते आपण नावासकट झाकून ठेवलंय. पुण्यात काका दोन प्रकारचे असतात. पत्ता विचारताना म्हणतात तो एक, आणि बसमध्ये ‘काका, पुढे सरका’ म्हणतात तो दुसरा. आपला बसमधला आहे, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. असो. राग नाही.

आता शेगडीची नळी. या वाक्यात गंमत अशी की लिहिणाऱ्याला नळी बदलणं हे हलकं काम वाटतं. ती नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते, आणि आमच्या घरी ती तारीख वाचणारा मी एकटा होतो. वडील म्हणायचे, चालतंय की. ज्याला नळीवरची तारीख वाचायची सवय आहे तोच पुढे फर्नेसची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचतो. मी वाचली आहे. दोनदा. आपण माझा लेख एकदा तरी शेवटपर्यंत वाचलात का, याबद्दल मात्र मला शंका आहे. कारण मधोमध ठळक अक्षरांत लिहिलंय की गॅसची जोडणी मी केलेली नाही. ती परवानाधारक माणसाने केली, साबणाचं पाणी लावून सांधे माझ्यासमोर तपासले, मग व्हॉल्व्ह उघडला. मी आणि माझ्या मित्राने काय केलं, तर जुना सांगाडा उचलून बाहेर काढला, नवा जागेवर बसवला, पत्र्याचं काम केलं आणि प्लास्टिकचे दोन पाइप भिंतीतून बाहेर नेले. परवाना टाउनशिपमधून, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाकडून, स्वतःच्या नावाने काढला. स्वतः राहत्या घरासाठी तो इथे मिळतो. इन्स्पेक्टर आला, बघून गेला, पास केलं. एक ओळ तेवढी बाकी ठेवली, तिच्याकडे नंतर येतो.

‘कुणाचा तरी जीव जाईल.’ हे वाक्य लिहायला सोपं आणि त्याला उत्तर देणं अवघड, कारण जीव या शब्दापुढे बोलणार काय? उद्या मी थालीपिठाची कृती दिली तर आपण तव्याच्या चटक्याबद्दल लिहाल. पण न लिहिण्यानेही जीव जातात, साहेब. आपली माणसं इथे सत्तर सालची घरं घेतात, तळघरात कपडे धुवायला आणि भारतातून आलेल्या बॅगा ठेवायला उतरतात, आणि घराच्या कडेला भिंतीतून डोकावणारे दोन पांढरे पाइप कशाचे आहेत हे दहा वर्षं त्यांना माहीत नसतं. गेल्या जानेवारीत आमच्याच मंडळातल्या एकांनी रस्ता साफ करताना सगळा बर्फ त्या पाइपांवर रचला. फर्नेस बंद पडला, घर गार, आणि फोन मला. मी म्हटलं, बंद पडला हे तुमचं नशीब. बाहेर जायची वाट तुंबली की आतला प्रेशर स्विच ज्योत लागूच देत नाही. फावडं घेऊन दहा मिनिटांत मोकळं केलं. हे पाइप नेहमीच्या बर्फाच्या थराहून किमान फूटभर वर असायला हवेत, त्यांचे अडीच इंचही नव्हते. हे काम परवानाधारक माणसाने पैसे घेऊन केलेलं होतं, एवढंच नोंदवतो.

आणि आता जे मला लिहायचं नव्हतं ते लिहितो, कारण गॅसचं गांभीर्य मला कळत नाही असा आपला सूर आहे. २००३ सालचा जानेवारी, पुणे. आत्याकडे बाथरूम चार बाय सहाचं. गॅसचा गीझर आतच, नळाच्या वर. थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला. आतेभाऊ आंघोळीला गेला. मी बाहेर पेपर वाचत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की पाण्याचा आवाज एकसारखा येतोय. आंघोळीचा आवाज तसा नसतो, तांब्या बुडतो, पाणी सांडतं, मध्ये शांतता असते. हा नुसता बादली भरून वाहत असल्याचा आवाज. आत्याने दोनदा हाक मारली. मग मी आणि शेजारचे मिळून दार ढकललं, कडी स्क्रूसकट निघाली. तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे अर्धे उघडे, आणि वर गीझरची निळी ज्योत शांतपणे चालू. त्याला ओढत गॅलरीत आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारायच्या आधी विचारलं, ‘गॅस गीझर आहे का घरात?’ ऑक्सिजन लावला, संध्याकाळी शुद्धीत बोलायला लागला. आज धडधाकट आहे, फक्त तो दिवस त्याला अजिबात आठवत नाही. वास नाही, धूर नाही, खोकला नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट धरतो, हे मी नंतर वाचलं. आधी पाहिलं होतं.

हे पाहिलेल्या माणसाला आपण मिनेसोटाहून बजावताय.

उताराबद्दल आपलं बरोबर आहे. मान्य. टंकताना चूक झाली, ‘आत’च्या जागी ‘बाहेर’ पडलं, दुरुस्त केलंय. ज्यांना हा काय प्रकार आहे ते कळलं नसेल त्यांच्यासाठी: जुन्या ऐंशी टक्केवाल्या (म्हणजे गॅसमधली ऐंशी टक्के उष्णता घराला देणाऱ्या) फर्नेसचा धूर इतका गरम असतो की तो आपोआप चिमणीतून वर चढतो, म्हणून त्याला धातूचाच पाइप लागतो. माझा नवा शहाण्णव टक्केवाला आहे. तो धुरातली उष्णता जवळजवळ सगळी काढून घेतो, धूर चाळीस-पन्नास अंशांवर येतो, त्यातली वाफ आतच पाणी होते, आणि उरलेलं पंखा ढकलत बाहेर नेतो. म्हणून प्लास्टिक चालतं. ते पाणी आंबट असतं, म्हणजे आम्लधर्मी, आणि पाइपला फुटामागे पाव इंच उतार फर्नेसच्या दिशेने ठेवला की मागे येऊन नळीवाटे मोरीत जातं. उतार बाहेर दिला तर तेच पाणी तोंडाशी गोठतं आणि महिन्याभरात बर्फाचं बूच बसतं. प्रत्यक्ष काम मी बरोबरच केलंय, लेव्हल लावून. चूक अक्षराची होती. आपण तिच्यावर बोट ठेवलंत, आभार. एका अक्षरासाठी अख्खा लेख काढून टाका म्हणणं कितपत योग्य, ते वाचक ठरवतील.

आता ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो शब्द. ‘घुटमळला’.

मी लिहिलं होतं की वॉटर हीटरच्या वरच्या झाकणापाशी, जिथून धूर चिमणीच्या पाइपात शिरतो आणि बाजूला मोकळी फट असते, तिथे उदबत्ती धरली. धूर जरा घुटमळला, मग आत गेला. आपण त्यातून काय काढलंत? की धूर परत आला. मराठी माझीही मातृभाषा आहे. मांजर स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळतं, म्हणजे ते परत गेलं असा अर्थ होत नाही. उलट ते आत येणार असतं. पाहुणा निघताना उंबऱ्याशी घुटमळतो, शेवटी जातोच. घुटमळण्यात दिशा ठरलेली असते, वेग तेवढा नसतो. मला ‘परत फिरला’ लिहायचं असतं तर तसं लिहिलं असतं.

आणि उदबत्ती या शब्दाला हसणाऱ्यांसाठी (आपण नाही, पण आपल्या खाली दोघांनी हसरे चेहरे टाकलेत): ही काही सत्यनारायणाची पूजा नव्हे. इथले तंत्रज्ञ धुराची कांडी धरतात, नाहीतर आरसा धरतात. आरशावर वाफ जमली तर धूर घरात सांडतोय. उदबत्ती तेच काम करते आणि प्रत्येक मराठी घरात असते. पद्धत अशी की सगळ्या खिडक्या लावायच्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, बाथरूमचे पंखे आणि कपडे वाळवायचं मशीन (ड्रायर) एकदम चालू करायचं, म्हणजे घरातली हवा बाहेर खेचली जाईल तेवढी जाईल. मग वॉटर हीटर पेटवून पाच मिनिटं जाऊ द्यायची आणि धूर धरायचा. आत ओढला गेला तर ठीक. गॅसचा वास येत असेल तिथे अर्थातच काडी ओढायची नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही, बाहेर पडायचं आणि बाहेरूनच फोन करायचा. हे मी लेखात लिहिलं होतं. पण तोवर आपण बहुधा प्रतिक्रिया लिहायला घेतली होती.

आता प्रामाणिकपणे सांगतो, ड्रायर बंद असताना धूर सरळ आत गेला. ड्रायर चालू केल्यावर घुटमळला. किती वेळ? मी काही घड्याळ लावून बसलो नव्हतो. उदबत्तीची राख पडली एवढं आठवतं.

राहिलं चिमणीचं. (पुण्याच्या वाचकांनो, स्वयंपाकघरातली चिमणी नव्हे, विटांची, छतातून वर गेलेली.) वॉटर हीटर एकटा सोडला, म्हणे. याला इकडे ऑर्फन वॉटर हीटरच म्हणतात, अनाथ. मला शब्द ठाऊक आहे. जुना फर्नेस एक लाख बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजायचं इकडचं माप), हीटर चाळीस हजारांचा. दोघांचा धूर मिळून चिमणी गरम ठेवत होता. मोठा भाऊ वेगळा झाला, धाकटा एवढ्या थोरल्या वाड्यात एकटा. बाहेरच्या भिंतीतली चिमणी, उणे पंधरा तापमान, तेवढ्याशा धुराने ती तापत नाही, वाफ आतच पाणी होऊन विटांमधला चुना खाते आणि खेच कमी पडते. उपाय म्हणजे आतून कमी व्यासाचा धातूचा लायनर, म्हणजे नळी, सोडणं, किंवा पंख्याने धूर बाहेर टाकणारा हीटर घेणं. हे सगळं मला माहीत आहे, त्यावर वेगळा लेख लिहायचाच होता, सगळं एकाच लेखात कोंबता येत नाही. इन्स्पेक्टरनेही चिमणीकडे बघून ‘लायनर?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. बाकी ठेवलेली ओळ म्हणतो ती हीच. तेव्हा हा मुद्दा आपण शोधून काढलात असा आव आणायचं कारण नाही.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचंही तसंच. दुसरा आणलेला आहे. वरच्या मजल्यावर झोपायच्या खोल्यांबाहेर लावायचा आहे, डब्यात आहे, स्टूल मुलाच्या खोलीत अडकलंय. आपण खाली जोडलेला तक्ता मी पाहिला: हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सत्तर भाग असेल तर अलार्म वाजायला एक ते चार तास लागू शकतात, चारशे असेल तर चार ते पंधरा मिनिटं. म्हणजे थोडा थोडा धूर सांडत असेल तर अलार्म गप्प बसू शकतो. हो. वाचलं. बायकोनेही वाचलं, माझ्या खांद्यावरून, आणि मग तिने विचारलं की सध्या सकाळी उठल्यावर तुझं डोकं का जड असतं. मी म्हटलं, या माणसाच्या प्रतिक्रियेमुळे झोप होत नाही म्हणून.

लेख मी काढणार नाही. उताराची ओळ दुरुस्त केली आहे, ‘घुटमळला’ हा शब्द आहे तसाच राहील. पुढच्या वेळी नाव लिहून प्रतिक्रिया द्यावी, म्हणजे आम्हालाही आपल्याला काय हाक मारायची ते कळेल.

लायनरवाला गुरुवारी येतोय. त्याचा आपल्या प्रतिक्रियेशी संबंध नाही, फोन मी आधीच केला होता, मंगळवारी सकाळी. आपली प्रतिक्रिया सोमवारी रात्रीची आहे हे मला दिसतंय. तोवर अंघोळीचं पाणी आम्ही विजेच्या किटलीत तापवतोय, आणि ड्रायर बंद आहे.

आपला,
(काका नव्हे)