तीस टक्क्यांचा मुलगा

आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते पालकांच्या खात्यावर टाकायचे, हा लातूर जिल्हा परिषदेचा २०२० मधला निर्णय. ती जुनी बातमी आमच्या भावकीच्या ग्रुपवर परवा कुणीतरी पुन्हा काढली. खाली चुलतभावाची पुस्ती: ‘परदेशात जाऊन बसलेल्यांचे तर पन्नास कापायला पाहिजेत.’ भराभर अंगठे पडले. अंगठा देणाऱ्यांत दोघं हिंजवडीचे, त्यांची माय गावात एकटीच. पण पुण्याला परदेश कोण म्हणतं?

कापण्याबद्दल माझी तक्रार नाही. इथे जर्मनीतही वर्षाला १,००,००० युरोंच्या वर कमावणाऱ्या मुलाकडून आई-बापाच्या फ्लेगेहाइमचा, म्हणजे शुश्रूषागृहाचा, खर्च सोत्सियालआम्ट (समाजकल्याण कार्यालय) वसूल करतं. त्याखालच्यांना २०२० पासून सूट आहे. आपल्याकडे आई-वडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, निर्वाहभत्ता जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. अर्ज करणार कोण पण? पोरावर केस केली तर गावात तोंड कुठं दाखवू, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. जमीन मात्र पोरांच्या नावावर करून बसलेल्या. त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळवता येते. ती अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या, एवढं मी ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, ‘तिकडं बसून कायदे शिकवायलेत.’

बरं, शिकवतो. सगळा वाद पैसे कोण देणार यावर. नाकातोंडात नळ्या घालायची वेळ आली तर म्हाताऱ्या माणसाला काय हवंय, हे एकानंही विचारलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींची पातिएंटेनफेरफ्यूगुंग, म्हणजे शुद्ध नसताना कोणते उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहिलेला कागद, टॅक्सच्या कागदांच्या फायलीतच असते. हाउसआर्त्स्टनं (फॅमिली डॉक्टरनं) रक्तदाब बघता बघता विषय काढला, आजींनी सही केली, संपलं. त्यांचा मुलगा हॅम्बुर्गला, नाताळात येतो. इथे कुणी त्याला नावं ठेवत नाही. (मी ठेवतो, मनात.)

आपल्याकडेही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उपचारांबद्दलचं असं इच्छापत्र मान्य केलं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी फिरकलं नाही. २०२३ मध्ये ते सोपं झालं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तरी हा विषय काढला की ग्रुपवरच्या काकू लिहितात, ‘शुभ बोल रे नाऱ्या.’ पुढे अतिदक्षता विभागातलं बिल वाढायला लागलं की हेच लोक एकमेकांकडे बघतात, अन् मग फोन जातो कुणाला? तर परदेशातल्याला. ‘तू सांग काय करायचं.’

माझ्या आईनं मात्र असा कागद केला. अंबाजोगाईत, नोटरीकडे, मला न सांगता. शुद्ध हरपली तर तिच्या वतीनं संमती कोण देणार, ते नाव त्यात लिहावं लागतं. तिनं माझ्या चुलतबहिणीचं लिहिलं. चुलतबहीण दोन गल्ल्या सोडून राहते, आईला दवाखान्यात तीच नेते, आईच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत. निवड चोख आहे, हे मला कळतं. ग्रुपवरच्या त्या पन्नास टक्क्यांपेक्षा हे जास्त लागलं, हेही खरं.

मी फोनवर हुज्जत घातली. उपचार थांबवायचे का, यावर डॉक्टरांच्या मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असा न्यायालयाचा आदेश आहे, तेवढ्यात मी फ्रँकफर्टहून मुंबई आणि पुढे गाडीनं घरी पोचतो, असा हिशेब मांडला.

‘अन् तिकीट नाही मिळालं तर?’ आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘नोटरी म्हणत होता एकापेक्षा जास्त नावं चालतात. तुझं खाली घालू का?’

घाल म्हणालो. ग्रुपवर यातलं काही लिहिलेलं नाही.