‘बॅटरी संपली’ आणि इतर संस्कार

मुलांनी खोटं बोलू नये असं वाटत असेल तर आधी आपल्याला नीट खोटं बोलता आलं पाहिजे. बऱ्याच नवीन आईबापांचं इथेच अडतं. पहिलं पोर असतं, हौस असते, चार रील बघून ठरवलेलं असतं की आम्ही मुलाशी सगळं खरं खरं बोलणार, त्याला प्रेमाने समजावून सांगणार. करा की. सकाळी पावणेआठला, खाली स्कूलव्हॅनवाले काका हॉर्नवर हात ठेवून उभे असताना, साडेतीन वर्षांच्या माणसाला मोजे का घालायचे असतात हे समजावून बघा आणि मग या, पुढचं बोलू.

सुरुवात सोप्यापासून करायची. ‘बॅटरी संपली.’ जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाभराच्या वर नको, पण त्या लोकांना जीनिव्हात बसून कुणाला वरणभात भरवायचा नसतो त्यामुळे त्यांचं सोडा. आपण घासागणिक व्हिडिओ दाखवायचा, वाटी रिकामी झाली की मोबाईल काढून घ्यायचा आणि चेहरा पाडून सांगायचं, बाळा बॅटरी संपली रे. खबरदारी एवढीच की त्यानंतर त्याच मोबाईलवरून सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडायला लगेच बसू नये, निदान पाठ फिरवून बसावं. आणि चार्जर लपवा. ज्या पोराला डाव्या पायात कुठली चप्पल घालायची ते अजून कळत नाही ते चार्जर हुडकून काढतं, पिन बरोबर बाजूने घुसवतं, ‘बटन चालू कर’ म्हणून तुमचा हात ओढतं आणि चार्जिंगचं चिन्ह दिसलं की तिथेच फरशीवर मांडी घालून मोबाईलची राखण करत बसतं. अशा वेळी घाबरून ‘लाईट गेलीय’ म्हणणारे खूप असतात. डोक्यावर पंखा गरगरत असताना हे वाक्य टाकू नये, एवढं तारतम्य हवं.

‘दुकान बंद आहे’ हेही सुरुवातीला बरं पडतं. दादरला स्टेशनच्या बाहेर पडलात की फुगे, भिरभिरी, पिपाण्या, दिवे लागणारे बूट हे सगळं मुलाच्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर मांडलेलं असतं (मांडणाऱ्याला धंदा कळतो), तिथून त्याला ओढत नेताना म्हणायचं, बंद आहे राजा, काका झोपलेत. काका त्या वेळी ‘पचास का दो’ ओरडत असतात. काही हरकत नाही, चालत राहा.

आता जरा वरच्या इयत्तेचं. नोकरी करणाऱ्या आयांसाठी ‘कचरा टाकून येते’ याला तोड नाही. पद्धत अशी की सासूबाईंनी किंवा सांभाळायला येणाऱ्या मावशींनी बाळाला खिडकीत नेऊन कबुतर दाखवायचं, तेवढ्यात आईने पर्स कचऱ्याच्या डब्यामागे धरून दार हळूच ओढून घ्यायचं, लिफ्टची वाट न बघता जिना उतरायचा आणि थेट ठाण्याहून सुटणारी फास्ट गाठायची. बाळ विचारतं आई कुठे, तर कचरा टाकायला गेली. कुणी टाटा करत नाही, रडारड नाही, सगळं कसं शांत. नऊ-साडेनऊ तास कचरा टाकून आई घरी येते तेव्हा तिला वाटतं, वा, काय समंजस पोरगी आहे.

फायदे पुढे दिसतात. पोरगी मग आईला बाथरूममध्येही एकटं जाऊ देत नाही, दारावर थापा मारत बसते, कारण तिच्या अनुभवानुसार ही बाई कुठूनही नाहीशी होऊ शकते. रात्री झोपेत गाऊनचं टोक मुठीत धरून ठेवते. आमच्या मजल्यावरच्या एका घरात तर सकाळी कचरेवाले दादा ओल्या-सुक्याचे दोन डबे उचलायला आले की तिथली मुलगी ते दोन्ही डबे मिठी मारून बसते, सोडतच नाही. दादा बिचारे म्हणतात, अगं सोड, वास येतोय. घरचे हसतात, व्हिडिओ काढतात, आत्याला पाठवतात. आई तोवर मुलुंडच्या पुढे गेलेली असते. काही लोक सांगतात की सरळ टाटा करून, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी येईन असं सांगून निघावं, पोर दारात दहा मिनिटं भोकाड पसरेल, आठ-पंधरा दिवस हेच चालेल, मग त्याचा विश्वास बसेल की गेलेली आई येते. पण दहा मिनिटं म्हणजे दोन लोकल, तेव्हा व्यवहारी माणसाने या भानगडीत पडू नये.

धमक्यांचं खातं वेगळं ठेवावं. बागुलबुवा आता चालत नाही, मुलं त्याला कार्टून समजतात. त्यापेक्षा खरी माणसं वापरा. वॉचमनकाका पोत्यात घालतील, डॉक्टर सुई टोचतील, पोलीस धरून नेतील. शक्यतो अशी माणसं निवडावीत ज्यांची मुलाला पुढे गरज लागणार आहे. म्हणजे दीड वर्षाच्या आसपास आणि परत पाचव्या वर्षी डीपीटीचा बूस्टर असतो, तर मधली सगळी वर्षं भात न खाण्याबद्दल सुईची भीती घालून ठेवली की पाचव्या वर्षी दवाखान्याच्या पायरीवरच चार माणसं लागतात धरायला, आणि आपण डॉक्टरांना ओशाळं हसून म्हणू शकतो, काय माहीत हो, हा असा का घाबरतो.

पोलिसांचं तर विचारूच नका. तीन-चार वर्षं खाकी कपडा दिसला की ‘बघ हां, सांगू त्यांना?’ म्हणायचं. आणि मग लालबागला दर्शनाच्या गर्दीत शिरण्याआधी त्याच पोराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी कोंबून सांगायचं, हरवलास तर पोलीसकाकांकडे जायचं हं. हरवलेल्या किंवा अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, ती हेल्पलाईन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. नंबर मुलांच्या लक्षात राहावा म्हणून दस-नौ-आठ असा सुटसुटीत आहे. पण हे सांगायला आपल्याला वेळ कुठे असतो, आपण पोत्यात कोण घालणार हे सांगण्यात गुंतलेलो असतो. गर्दीत चुकलेलं पोर पोलिसाला बघून मांडवाच्या कापडामागे दडून बसलं, तर समजा शिकवलेलं पक्कं बसलंय.

वय हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. रेल्वेत पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही. गणपतीला कोकणात जायचं तर पाच ते बाराच्या पोराचं, वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, आणि २०१६ पासून बर्थ हवा असेल तर पूर्ण. म्हणून मूल पनवेल ते कणकवली चार वर्षांचं असतं. कितीही वर्षं गावाला जा, चारच. शाळेत पहिलीला मात्र सहा पूर्ण लागतात, तिथे तेच पोर सहाचं होतं, ‘दिसायला बारीक आहे हो’. फॅन्सी ड्रेसला लहान गटात बक्षीस सोपं, म्हणून तिथे परत साडेचार. मुलाला हे सगळं तोंडपाठ हवं. काही मुलांना वय विचारलं तर आधी ‘कुठे?’ असं विचारतात, ती हुशार समजावीत.

शाळासुद्धा यात मागे नाहीत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ म्हणतं की प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची चाळणी लावायची नाही. म्हणून काही ठिकाणी मुलाखत होत नाही, ‘इंटरॅक्शन’ होतं. तिकडे जाताना रिक्षात पोराला पढवायचं, मॅडमनी विचारलं तर सांगायचं आम्ही घरी टीव्ही बघत नाही, आई रोज पुस्तक वाचून दाखवते आणि मला दुधी आवडतो. पोर विचारतं, दुधी म्हणजे कुठला? पुढच्या सिग्नलला सांगते, म्हणायचं.

या सगळ्यात आजी मात्र घोळ घालतात. त्यांचं खोटं जुन्या पद्धतीचं, ऐसपैस असतं, त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास असल्यासारखा वाटतो. बी गिळलीस तर पोटात झाड येईल, हे त्यातलंच. घाबरवायला म्हणून सांगितलं जातं. एका नातवाने चिकूची बी गिळली, आजीने डोळे मोठे केले, झालं, आता झाड. तो रडेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने दोन पेले पाणी पिऊन घेतलं, बनियन वर केलं आणि ग्रिलपाशी जाऊन उन्हाच्या कवडशात पोट धरून उभा राहिला. जेवायला हाक मारली तर म्हणे थांबा, येतंय. संध्याकाळपर्यंत त्याने खालच्या तीन मित्रांना चिकू देण्याचं कबूल केलं होतं.

एवढी मेहनत घेतल्यावर फळ मिळतंच. एक दिवस तुम्ही म्हणता, चल, खेळणी आवर. पोर तुमच्याकडे बघतं, चेहरा पाडतं, अगदी तुमच्यासारखाच, आणि म्हणतं, माझ्या हाताची बॅटरी संपली. पहिल्यांदा कौतुक वाटतं, लगेच स्टेटसला टाकता. मग ‘ब्रश केला’ येतं आणि ब्रश कोरडा निघतो. ‘बाईंनी होमवर्क दिला नाही’ येतं. ‘लाडू आजीने खाल्ला’ येतं आणि आजीला शुगर आहे.

तेव्हा हातपाय गाळू नका. रात्री नवराबायकोंनी दार लावून हळू आवाजात चर्चा करावी, की हा हे कुठून शिकला, आपल्याकडे तर असं कुणी नाही, तुमच्या भावाची मुलं सुट्टीत आली होती तेव्हापासूनच सुरू झालंय वगैरे. भावाचा विषय निघाला की तो साडेबारापर्यंत चालतो, त्यामुळे निष्कर्ष लवकर काढावा. निष्कर्ष म्हणजे पाळणाघर. दुसऱ्या दिवशी पोराला घ्यायला जाताना पाळणाघरवाल्या काकूंना दारातच गाठायचं आणि आवाज न चढवता पण ठामपणे विचारायचं, काकू, इथे कुणी मुलांशी खोटं बोलतं का?

काकू हातातला पोह्यांचा डबा खाली ठेवतात आणि म्हणतात, छे हो, काहीतरीच काय. आमच्याकडे खोटं अजिबात चालत नाही. दुपारपासून ही पोरं रडायला लागली की आम्ही फक्त सांगतो, आई पाच मिनिटांत येतेय.