कडबा विषारी? अर्धवट मेसेजचा खुलासा

‘ज्वारीत सायनाइड असतं, जनावरांना कडबा घालू नका’ असा मेसेज मंगळवेढा, मोहोळ भागातल्या ग्रुपवर फिरतोय. सायनाइडची गोष्ट खरी. कडब्याची नाही.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावराने पान चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे तेच सायनाइडचं विष, सुटतं. गुडघ्याएवढं पीक, पाण्याच्या ताणाने सुकू लागलेलं रान आणि कापणीनंतर खोडव्याला आलेले हिरवे फुटवे, धोका इथे. फुलोऱ्यानंतर तो बराच उतरतो, आणि उन्हात चांगला वाळलेला कडबा खुशाल घाला. मालदांडी ज्वारीचा कडबा बंद करून सोलापुरात जनावरं जगवायची तरी कशावर?

जुनी माणसं या विषबाधेला ‘किराळ लागणं’ म्हणतात. बांधावरून सुटलेली भुकेली गाय फुटव्यांत शिरते, थोड्या वेळात धापा टाकते, तोंडाला फेस येतो, झोकांड्या खात आडवी होते. डोळ्याची आतली त्वचा लालभडक दिसते.

मेसेजमध्ये गुळाचं पाणी पाजायलाही सांगितलंय, तो उपाय करत बसू नका. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं, तेही पशुवैद्यकानेच. फोन आधी त्यांना.