उचकी, पान १८५

प्लेटोचं 'सिम्पोझियम' मूळ ग्रीकमधून वाचायचं, असं मी पन्नाशी उलटल्यावर ठरवलं. पुस्तक प्रेमावरचं आहे म्हटल्यावर सासूबाईंनी मेथी निवडता निवडता मान वर केली. "आता?" एवढंच म्हणाल्या. सिम्पोझियम म्हणजे शब्दशः 'मिळून पिणं', हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुस्तक उघडलं तर पहिलंच पान १७२. वाटलं, आधीची पानं गळाली. तर ते १५७८ साली छापलेल्या प्लेटोच्या समग्र ग्रंथांच्या आवृत्तीचे आकडे, जगभर अजून तेच चालतात. पहिलं वाक्य मात्र खास माझ्यासाठी लिहिलंय: 'तुम्ही विचारताय त्याची माझी तयारी नाही, असं नाही.' दर शनिवारी ऑनलाइन वर्गात बाईंना मी हेच सांगते, फक्त मराठीत.

शाळेत संस्कृतला चांगले मार्क होते, त्या जोरावर उडी मारली. द्विवचन आहे, आत्मनेपदासारखं काहीतरी आहे, भूतकाळात आपल्या 'अ'सारखा धातूआधी 'ए' लागतो. माहेरच की! मग सासरची माणसं भेटली. 'एइमी' म्हणजे 'मी आहे' आणि 'एइमी' म्हणजेच 'मी जाईन'. फरक काय तो अक्षराच्या डोक्यावरच्या चिन्हाचा, आणि तो माझ्या चष्म्याला दिसत नाही. बसलेली माणसं माझ्या भाषांतरात उठून चालू लागतात.

त्याहून वाईट 'एरो'. 'मी प्रेम करतो' म्हणजे एरो, 'मी सांगेन' म्हणजेही एरो. इथे चिन्हसुद्धा तेच! पुस्तकात एका मेजवानीतले पाहुणे पाळीपाळीनं प्रेमावर भाषणं करतात. ते सगळं सांगणारा बिचारा अपोलोडोरस म्हणत होता, प्रत्येकाचं भाषण तुम्हाला सांगेन. मी त्याला भर वर्गात प्रत्येकाच्या भाषणाच्या प्रेमात पाडलं. शिवाय हा अपोलोडोरस मेजवानीला नव्हताच. तिथे हजर असलेल्या अरिस्टोडेमसनं सांगितलेलं तो सांगतो. त्यामुळे पानंच्या पानं 'तो म्हणाला' आणि त्यापुढे कर्त्याला द्वितीया. लग्नातलं भांडण न गेलेल्या काकूंकडून ऐकावं, तसं.

तासाला सात-आठ ओळी या वेगानं आम्ही १८५ला पोचलो. आता नाटककार अरिस्टोफानीसची बोलायची पाळी, आणि त्याला लागते उचकी. शेजारी बसलेला डॉक्टर उपाय सांगतो: श्वास रोखून धर. नाही थांबली तर पाण्याची गुळणी कर. फारच चिवट असेल तर नाकात काहीतरी घालून शिंक काढ. यातलं 'गुळणी कर' हे क्रियापद 'आनाकोंखुलिआसोन' असं आहे. ते नुसतं म्हटलं तरी गुळणी होते.

रविवारी सासूबाईंना उचकी लागली. मला एवढा आनंद होणं बरं नव्हतं.

"आई, श्वास रोखून धरा."

धरला. उचक.

"आता गुळणी."

केली. उचक. माझ्याकडे बघितलं ते बघणं भाषांतराच्या पलीकडचं होतं.

"तिसरा उपाय जरा..." म्हणून मी नाकात घालायला काही मिळतंय का ते शोधू लागले, तोवर त्यांनी कनवटीची तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली, दोनदा सणसणीत शिंकल्या. उचकी बंद.

"याच्यासाठी वर्षभर क्लास लावलास?"

"तेच लिहिलंय हो पुस्तकात!"

"मग त्या माणसाची थांबली का?"

"ते १८९ला कळेल. मी अजून १८५वर आहे."

"म्हणजे कधी?"

"दिवाळीपर्यंत."

"तोवर उचकतच बसणार होय बापडा," म्हणत त्यांनी डबी पुन्हा कनवटीला लावली.